विकून झाल्यावर लावलेलं कुलूप

आजचा विषय हौशी ड्रोनचा आहे, पण सुरुवात मी रेडिओपासून करतो. ज्यांची साठी उलटली आहे त्यांना रेडिओचं लायसन आठवत असेल. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागायचा. पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची आणि छोट्या पुस्तकात तशी नोंद करून घ्यायची. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असायचा, तसलाच प्रकार. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे परवाने गेले. पण एक लक्षात घ्या. फी थकली म्हणून रेडिओ मुका होत नव्हता. बातम्या लागायच्या, बिनाका गीतमाला लागायची. तपासणीला कोणी आलाच तर दंड. कायदा दारात उभा होता, यंत्राच्या पोटात शिरलेला नव्हता.

ड्रोनच्या बाबतीत तो पोटात शिरला. कसा शिरला, त्याचा इतिहास जेमतेम दहा-बारा वर्षांचा आहे.

डीजेआय ही चिनी कंपनी हौशी ड्रोनच्या बाजारात सगळ्यात मोठी. २०१४ साली तिने आपल्या फँटम ड्रोनच्या प्रणालीत विमानतळांभोवती वर्तुळं आखली. त्या वर्तुळात ड्रोन उडेनाच. मग २६ जानेवारी २०१५ ला, म्हणजे आपण इथे झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, एक फँटम वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर कोसळला. थोड्याच दिवसांत कंपनीने नवं अपडेट जाहीर केलं: वॉशिंग्टनच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरच्या परिघात उड्डाण बंद. म्हणजे ज्याने आधीच पूर्ण पैसे मोजून ड्रोन घेतला होता, त्याचा ड्रोन त्याच्याच अंगणात उठायचा थांबणार.

तुम्ही म्हणाल, परभणीला त्याचं काय? जवळचा विमानतळ नांदेडचा, त्याचं वर्तुळ आपल्यापर्यंत पोहोचत नाही. खरंय. पण २०१७ चा प्रकार ऐका. मे महिन्यात त्याच कंपनीने जाहीर केलं की नव्या अपडेटनंतर ड्रोन आमच्याकडे नोंदवून चालू करून घ्या. नाही केला तर कॅमेऱ्याचं थेट चित्र दिसणार नाही, आणि ड्रोन ५० मीटरच्या परिघात, ३० मीटर उंचीपर्यंतच उडेल. इथे विमानतळाचा संबंध उरला नाही. सेलू असो की जिंतूर, कुलूप सारखंच. गंगाखेडला लग्नाचं शूटिंग करणारा एखादा पोरगा धरा. त्याच्या दृष्टीने कॅमेऱ्याचं चित्र गेलं म्हणजे ड्रोनच गेला. उरला पंखा.

आता इथे थोडा माझ्या विषयात शिरतो, कंटाळू नका. सोळाव्या शतकाच्या आरंभी नवद्वीपला रघुनाथ शिरोमणी नावाचा मोठा नैयायिक होऊन गेला. ‘स्वत्व’ म्हणजे काय, मालकी म्हणजे नेमकं काय, यावर त्याने वाद घातला. प्रतिपक्षाचं म्हणणं असं की वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता, म्हणजे मनाला येईल तसं वापरता येणं, हेच स्वत्व. रघुनाथ म्हणाला, हे टिकत नाही. दुसऱ्याच्या ताटातलं अन्नही मला खाता येतंच की! खाता येतं म्हणून ते माझं होत नाही. म्हणून स्वत्व हा वापरापेक्षा वेगळाच पदार्थ मानला पाहिजे.

रघुनाथापुढे वापर होता आणि मालकी नव्हती. ड्रोनवाल्यापुढे उलटं आहे: मालकी आहे, पावती आहे, पण वापर दुसऱ्याच्या हातात. चोराला आपण निदान चोर म्हणू शकतो. इथे वस्तू तुमच्याच कपाटात असते, तेव्हा काय गेलं हे सांगायलाच शब्द सापडत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

मर्यादा असूच नये, असं मी म्हणत नाही. प्रवासी जीपला, ट्रकला वेगनियंत्रक असतो. तो विकत घेतानाच ठाऊक असतो आणि किंमत त्या हिशेबाने ठरते. आणि ड्रोनची भीतीही खोटी नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरायला लागले, तेव्हा लोक काठ्या घेऊन जागत बसले होते. त्यांना कोणी कंपनीचं स्वातंत्र्य सांगू नये, आणि हौशी माणसाचंही सांगू नये. प्रश्न एवढाच, की मर्यादा कोणी घालायची, आणि विक्रीच्या आधी की नंतर.

आपल्या सरकारने काय केलं? ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन सरसकट बंद केले. १ डिसेंबर २०१८ पासून परवानगी दिली, पण एका अटीवर. तिचं नाव ‘नो परमिशन, नो टेकऑफ’. डिजिटल परवानगी मिळाल्याशिवाय ड्रोन जमिनीवरून उठूच नये, अशी व्यवस्था यंत्रातच हवी. तोवर लोकांनी घेतलेल्या परदेशी ड्रोनमध्ये ती कुठून असणार? शेवटी जानेवारी २०२० मध्ये, १४ ते ३१ तारखेपर्यंत, अशा मालकांना आपापले ड्रोन स्वतःहून जाहीर करायची मुभा दिली गेली. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच सैल केलं. मात्र परवानगीचं कुलूप, मागोवा घेणारं यंत्र आणि कुंपण या तीन गोष्टी पुढे कधीही सक्तीच्या करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. तसं केलं तर मालकाला किमान सहा महिने द्यावे लागतील. हे सहा महिने मला महत्त्वाचे वाटतात. सरकारला राजपत्रात छापावं लागतं, मुदत द्यावी लागते, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. कंपनीचं अपडेट रात्री मोबाइलवर येतं आणि आपण डोळे चोळत ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो.

अशा वेळी ग्राहकाने कुठे जायचं? पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा प्रश्न वजनमापाचे, भेसळीचे होते. डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याच काळातला. त्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वस्तूच्या दर्जात, प्रमाणात, क्षमतेत उणीव अशी आहे, आणि ती २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही जवळपास तशीच राहिली. या व्याख्येमागे असं गृहीत आहे की वस्तू एकदा विकली की तशीच राहते. घेताना चांगला असलेला ड्रोन तीन वर्षांनी विकणाऱ्यानेच अधू केला, तर तो दोष कधीचा?

नव्या कायद्याने दोन गोष्टी चांगल्या केल्या. पूर्वी कंपनीचं कार्यालय जिथे किंवा व्यवहार जिथे झाला तिथे जावं लागे. आता ग्राहक राहतो तिथे, म्हणजे परभणीच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तूही चालते, म्हणजे तो गंगाखेडचा पोरगा ग्राहकच. दुसरी गोष्ट, ‘अन्यायकारक करार’ ही कल्पना आली: ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला तोट्यात घालणारा करार. अपडेटबरोबरच्या अटींना हे तंतोतंत लागू पडावं, असं माझं मत. पण गंमत बघा, अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकताच येत नाही. ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. घराजवळ आणलेलं दार पुन्हा दूर गेलं.

बाहेरच्या देशांत वाट थोडी पुढे गेली आहे. सोनीने १ एप्रिल २०१० ला प्लेस्टेशन ३ वर दुसरी संगणकप्रणाली चालवण्याची सोय अपडेटने काढून टाकली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळ बंद. अमेरिकेत खटला वर्षानुवर्षं चालला आणि तडजोडीत संपला. इटलीने २०१८ मध्ये अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून ॲपल आणि सॅमसंग दोघांना दंड केला. आणि खुद्द डीजेआयने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतली बहुतेक सक्तीची कुंपणं काढून तिथे नुसत्या सूचना ठेवल्या. जबाबदारी उडवणाऱ्याची, असं कंपनी आता म्हणते. मग आधीच्या दहा वर्षांत ती कोणाची होती?

इथल्या वकील मित्रांसाठी एक मुद्दा ठेवतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ड्रोन २०२२ ला घेतला, कुलूप २०२५ ला लागलं, तर दोन वर्षं कधीपासून मोजायची? अपडेट आलं त्या दिवसापासून, असं मी मानतो. कंपनीचा वकील पावतीची तारीख दाखवेल. म्हणून अपडेटच्या आधी पडद्यावर जी सूचना येते, तिचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.