पाण्याच्या रेघेवरून धावताना

पुण्यातल्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाळा सरत आला की एक मेसेज हमखास येतो : ‘रविवारी मुळशी. लाँग रन. पहाटे पाचला चांदणी चौक.’ पिरंगुट आणि पौड मागे टाकून, माले गावाच्या पुढे कुठेतरी गाड्या लावायच्या आणि पश्चिमेकडे धावत सुटायचं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी. पळसे, निवे, मग ताम्हिणी. धबधबे, भाताची खाचरं, टपरीवरचा चहा. पुण्यापासून दीड तासाच्या आत यापेक्षा देखणा रस्ता मला तरी माहीत नाही, आणि मी तिथे बरीच वर्षं धावतोय.

या रस्त्याचा स्वभाव पायांना आधी कळतो. तो सरळ जात नाही. डोंगराच्या कुशीत शिरतो, वळतो, पुन्हा पाण्याकडे बाहेर येतो. घरी येऊन मोबाईलवर नकाशा उघडला, तर जलाशयाला पसरलेल्या हाताची बोटं असावीत तसा आकार दिसतो. असा काठ बहुतेक धरणांना असतो. मुळा नदीला दोन्ही बाजूंनी ओढे येऊन मिळत होते. १९२०च्या दशकात नदीवर भिंत उभी राहिली तेव्हा अडलेलं पाणी प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात मागे शिरलं. मावळात ओढा नदीला मिळतो तिथली जमीन सगळ्यात कसदार असते. गाळाची, आंबेमोहोर पिकवणारी. वस्ती तिच्याच आसपास असते. तेव्हा पाणी डोंगरात आत घुसलेलं दिसलं की समजावं, त्याच्या खाली कुणाची तरी खाचरं आहेत.

ती पाण्याखाली का गेली, हे समजायला सह्याद्रीचा आकार बघावा लागतो. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा लांबून यायचा. घाटमाथ्यावर मात्र पाऊस कोसळतो आणि तिथून कोकणात सरळ पाचेकशे मीटरचा उतार आहे. माथ्यावर पाणी साठवायचं, नळांतून खाली सोडायचं आणि त्या जोरावर वीज करायची, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. त्याच्यासाठी लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तळी झाली. मग आंध्र खोऱ्यातलं ठोकरवाडी, आणि त्यानंतर मुळशी.

मुळशीची गंमत अशी की इथलं पाणी उलटं जातं. मुळा पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणाची भिंतही पूर्वेच्याच टोकाला आहे. पण वीज करायला पाणी घेतलं जातं ते पश्चिमेकडून, घाटाच्या कड्याजवळून. बोगद्यातून आणि नळांतून ते खाली भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि तिथून कुंडलिका नदीत. भिरा म्हणजे तेच, जिथे अंधारबनचा ट्रेक उतरतो आणि देवकुंडची वाट सुरू होते. कोलाडला ज्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, तेही भिऱ्याहून सोडलेलं पाणी. तुम्ही सकाळी राफ्टमध्ये बसून किंचाळता तेव्हा मुळशीतून आलेलं पाणी अरबी समुद्राकडे निघालेलं असतं.

या व्यवहारात मावळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. १८९४च्या भूसंपादन कायद्यानं सरकारला ‘सार्वजनिक हिता’साठी जमीन घेता येत होती आणि खासगी कंपनीच्या धरणासाठी तोच कायदा वापरला गेला. पन्नासेक गावं या योजनेच्या तडाख्यात सापडली. सुरुवातीला तर परवानगीशिवाय शेतात चाचणीचे खड्डे खणले गेले. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली, तेव्हा गोऱ्या इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. मग बातमी पुण्यात गेली, सभा झाल्या आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा ठरली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे माणसं धरणाच्या जागेवर जाऊन बसली. बायका आणि मुलंही होती. काम थांबलं. असहकाराची चळवळ देशभर पेटलेली असताना पुण्याच्या पश्चिमेला भात पिकवणाऱ्या माणसांनी सत्याग्रहाचं हत्यार वेगळ्याच कामाला लावलं होतं. समोर इंग्रज सरकार तर होतंच, पण एक देशी, स्वदेशीचा अभिमान मिरवू शकणारी कंपनीही होती. गांधींनी ‘यंग इंडिया’त याची दखल घेतली आणि टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं असं सुचवलं. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली आलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच मुळशीला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

लढ्याच्या अग्रभागी होते पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. तरुणपणी युरोपात बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस इथे सत्याग्रही झाला आणि मुळशीनंच त्यांना ‘सेनापती’ केलं. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीनं उभे होते. वयस्क संपादक शिवरामपंत परांजपेही या लढ्यात तुरुंगात गेले.

तरीही लढा हरला. सरकारच्या बळाइतकंच एक कारण आतलंही होतं. मुळशी पेट्यातली बरीच जमीन कागदोपत्री सावकारांकडे गेली होती आणि त्यांतले पुष्कळ जण पुण्यात राहत. शेत कसणारा मावळा त्यांचं कूळ होता. आंदोलन तापलं तशी मोबदल्याची बोलणी सुरू झाली. सावकाराच्या दृष्टीनं जमीन म्हणजे गुंतवणूक, भाव चांगला आला की सोडता येणारी. कुळाला दुसरं काहीच नव्हतं. सावकार तडजोडीकडे वळले आणि एकजूट फुटली. बलुत्यावर जगणाऱ्यांचं तर आणखी अवघड. मोबदला कागदावरच्या जमिनीचा मिळतो. ज्यांच्या नावावर जमीनच नाही, पण जगणं सगळं गावावर अवलंबून आहे, त्यांचं नुकसान लिहायला हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता.

१९२४पर्यंत चळवळ जवळजवळ विझली होती. त्या वर्षी बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवून शस्त्रानिशी हल्ला केला. त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

या गोष्टीत खलनायक शोधणं सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. भिऱ्याची वीज कोळसा न जाळता होते आणि जवळजवळ शंभर वर्षं होत आली आहे. ज्या मुंबईनं गिरणी कामगारांना घडवलं, ती याच विजेवर उभी राहिली. म्हणून मला प्रश्न पडतो तो किंमत कुणी भरली याचा. मुंबईत माहीमपासून लोअर परळकडे रेल्वेला लागून एक रस्ता जातो. तुळशी तलावाचं पाणी आणणाऱ्या नळामुळे तो तुळशी पाइप रोड म्हणून ओळखला जायचा. आता तो सेनापती बापट मार्ग आहे. मुळशीच्या पाण्यावर चाललेल्या गिरण्यांच्या परिसरातल्या रस्त्याला मुळशी वाचवायला निघालेल्या माणसाचं नाव! पुण्यातही सेनापती बापट रस्ता आहे. तिथे मॉल आहेत, ऑफिसं आहेत आणि सकाळी माझ्यासारखे धावणारे असतात. यांतल्या किती जणांना या नावाचा मुळशीशी संबंध माहीत असेल?

धावणाऱ्याला अंतराची भाषा कळते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. काठावर उभं राहिलं की पलीकडच्या उतारावरची घरं स्पष्ट दिसतात. धरणाआधी उन्हाळ्यात नदीचं पात्र ओलांडलं की माणूस पलीकडे पोचत असणार. लेक द्यायची, बैल बघायचे, जत्रेला जायचं, सगळं त्या अंतरात. पाणी आलं आणि तेच घर होडीच्या भरवशावर किंवा संपूर्ण वळशावर गेलं. वर सरकलेल्या वस्त्यांपर्यंत रस्ता आणि दिवा पोचायला कितीतरी दशकं गेली. मुळशीची वीज मात्र मुंबईत कधीच पोचली होती. मी सहा-साडेसहाच्या पेसनं हौसेनं मोजतो ते किलोमीटर कुणाच्या तरी आयुष्यात सक्तीनं आलेले आहेत.

काठावर आज रिसॉर्टचे, कॅम्पिंगचे आणि व्ह्यू पॉइंटचे बोर्ड आहेत. खाली गेलेल्या गावांची नावं सांगणारा बोर्ड मला धावताना कुठे दिसला नाही. पण नावं हरवलेली नाहीत. ती भूसंपादनाच्या कागदांत आहेत, आणि वरच्या वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडेही आहेत. पन्नासेक गावं आणि पन्नास किलोमीटरची अल्ट्रा. हिशेब आपसूक जुळतो. ग्रुपवर मी सुचवलंय की पुढच्या वेळी प्रत्येक किलोमीटरला आकड्याऐवजी एका गावाचं नाव लावू. पाण्याचे स्टॉल त्या वस्त्यांमधल्या लोकांनी लावावेत, आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत. दोन थम्ब्स-अप आले आहेत, आणि एकानं विचारलंय की यादी कुठे मिळेल. पुढच्या रविवारी धावून झाल्यावर आम्ही दोघं वरच्या वस्तीत जाणार आहोत.