टेशेनचे 55 हजार लोक गेले कुठे?

आधी दोन जनगणनांचे आकडे बघा. ओल्झा नदीच्या पश्चिमेला एक पट्टा आहे, पोलिश लोक त्याला ‘झाओल्झ्ये’ म्हणजे ‘ओल्झापलीकडचा’ म्हणतात. 1910 साली तिथे पोलिश भाषिक होते 1,23,923 आणि चेक भाषिक 32,821. 1921 साली त्याच पट्ट्यात पोलिश 68,034 आणि चेक 88,556. एकूण लोकसंख्या मात्र जवळपास तेवढीच राहिली : 1,79,145 वरून 1,77,176.

आता वजाबाकी करा. पोलिश रकान्यातून 55,889 माणसं कमी झाली आणि चेक रकान्यात 55,735 वाढली.

हे बघितल्यावर मनात पहिलं येतं ते असं की चेक सरकारने आकडे फिरवले. पोलंडमध्ये अनेक वर्षं हेच सांगितलं गेलं. चेक बाजू म्हणायची की फिरवलेले आकडे 1910 चे होते, आम्ही ते दुरुस्त केले. संशोधनाची तयारी करत असाल तर यातली एक बाजू पटकन उचलू नका. आधी या जिल्ह्याची हकिकत समजून घेऊ.

तीन नावांचं एक गाव

जर्मनमध्ये टेशेन, पोलिशमध्ये चेशिन, चेकमध्ये त्येशिन. हे गाव ऑस्ट्रियन सायलेशियातल्या एका जुन्या सरदारकीचं मुख्य ठिकाण. 1327 मध्ये इथल्या राजाने बोहेमियाच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं आणि पुढे हा मुलूख हॅब्सबर्गांकडे गेला. एकोणिसाव्या शतकात कार्विनाच्या परिसरात कोळशाच्या खाणी वाढल्या, ट्रिनेट्सला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आणि बोहुमिन ते कोशित्से हा रेल्वेमार्ग इथूनच गेला. खाणीत कामाला शेजारच्या गॅलिशियातून मोठ्या संख्येने पोलिश मजूर आले, मोरावियातून चेक आले. कारखानदार आणि वरचे अधिकारी बहुतेक जर्मन बोलणारे.

1918 च्या शरद ऋतूत ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळलं. गंमत अशी की सुरुवातीला भांडण झालंच नाही. 5 नोव्हेंबर 1918 ला स्थानिक पोलिश आणि चेक समित्यांनी आपसात करार केला : जिथे ज्यांची वस्ती जास्त, ती गावं त्यांनी सांभाळायची, अंतिम निर्णय दोन्ही सरकारं घेतील. स्थानिक माणसांना जमलेली ही तडजोड प्रागला मात्र मान्य नव्हती, कारण तिच्यामुळे कोळसा आणि रेल्वेचा मोठा भाग पोलंडकडे जात होता. नव्या चेकोस्लोवाकियात चेक मुलूख आणि स्लोवाकिया यांना जोडणारा मुख्य लोहमार्ग हाच होता.

पोलंडने 26 जानेवारी 1919 ला होणारी आपली संसदेची निवडणूक या भागातही घ्यायचं ठरवलं. प्रागच्या दृष्टीने हा सरळसरळ मालकी हक्क सांगण्याचा प्रकार होता. तीन दिवस आधी, 23 जानेवारीला, कर्नल श्नेयदारेक यांच्या हाताखालचं चेक सैन्य आत घुसलं. पोलंडचं बहुतेक सैन्य तेव्हा ल्वूवजवळ युक्रेनियन फौजांशी लढत होतं. सात दिवसांच्या लढाईनंतर दोस्त राष्ट्रांच्या दबावाखाली युद्धबंदी झाली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये नवी तात्पुरती रेषा ठरली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी संसदेत मोकळेपणाने कबूल केलं की टेशेनचं नाव आपण यापूर्वी ऐकलेलंही नव्हतं. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांची ही माहिती! मग अशा मंडळींना समजेल असं काय लागतं? आकडे. इथूनच 1910 ची जनगणना दोन्ही बाजूंच्या राजनैतिक पिशवीत जाऊन बसली.

प्रश्न काय विचारला होता?

इथे जरा थांबा, कारण पुढचा सगळा मुद्दा यावर आहे. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत ‘तुमचं राष्ट्रीयत्व कोणतं’ असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता रोजच्या वापरातल्या भाषेचा, आणि उत्तर ठरलेल्या यादीतून एकच द्यायचं. या भागातल्या खेड्यांतली बोली पोलिशला जवळची, पण तिच्यात चेक आणि जर्मन शब्दांची भरपूर मिसळ. ‘कोणती भाषा बोलता?’ असं विचारलं तर लोक म्हणत ‘पो नाशिमू’, म्हणजे ‘आपली, आमची’. या ‘आमची’साठी रकाना नव्हता. घरी ती बोली, देवळात पोलिश, खाणीच्या कचेरीत जर्मन, असा ज्याचा दिवस जाई त्याने कोणता पर्याय निवडायचा?

1921 ला चेकोस्लोवाकियाने प्रश्नच बदलला. आता राष्ट्रीयत्व विचारलं गेलं. म्हणजे आपण सुरुवातीला केलेली वजाबाकी दोन वेगवेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांमधली आहे. शिवाय ‘झाओल्झ्ये’ हा 1910 मध्ये प्रशासकीय विभागच नव्हता. सीमा 1920 मध्ये आखली गेली, त्यामुळे आधीच्या वर्षांची बेरीज नंतर गावं जोडून काढावी लागते.

त्यात आणखी एक गट होता, जो दोन्ही बाजूंच्या कथनात बसत नाही. युझेफ कोझदोन या शिक्षकाने 1909 मध्ये सायलेशियन लोकपक्ष काढला. त्याचं म्हणणं : आम्ही पोलिश नाही, चेकही नाही, आम्ही इथले, सायलेशियन. पोलिश राष्ट्रवादी त्याला जर्मनांचा हस्तक म्हणत. हाच माणूस 1923 ते 1938 चेक बाजूच्या गावाचा महापौर होता. 1921 च्या जनगणनेत हजारो लोकांनी स्वतःला सायलेशियन म्हणवून घेतलं, पण त्याला चेकोस्लोवाक, पोलिश किंवा जर्मन असं शेपूट जोडलं जाई. एकत्रित तक्त्यात उरलं ते फक्त शेपूट.

सार्वमत, जे झालंच नाही

सप्टेंबर 1919 मध्ये पॅरिसच्या सर्वोच्च मंडळाने सार्वमताचा निर्णय दिला. 1920 च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय आयोग येऊन बसला. पण सार्वमत म्हणजे पुन्हा शिरगणतीच, यावेळी थेट जमिनीच्या बदल्यात. त्यामुळे प्रत्येक गावात, प्रत्येक खाणीत माणसं आपल्या बाजूला ओढायची चढाओढ सुरू झाली. संप, मारामाऱ्या, धमक्या, खून. कालपर्यंत ‘आम्ही इथले’ म्हणणाऱ्याला आता बाजू सांगावीच लागत होती. उन्हाळ्यापर्यंत सार्वमत घेणं अशक्य झालं.

जुलै 1920 मध्ये लाल सेना पोलंडमध्ये पुढे सरकत होती आणि पोलंडला दोस्तांची मदत हवी होती. बेल्जियममधल्या स्पा इथल्या परिषदेत पंतप्रधान ग्राब्स्की यांनी हा निवाडा दोस्तांवर सोपवायला मान्यता दिली. चेक बाजूने परराष्ट्रमंत्री बेनेश होते. 28 जुलैला राजदूत परिषदेने ओल्झा नदी ही सीमा ठरवली. किल्ला आणि जुना बाजार पोलंडला, रेल्वे स्टेशन चेकोस्लोवाकियाला. स्टेशन ते बाजार अशी 1911 पासून धावणारी ट्राम पुढच्याच वर्षी बंद पडली. पोलंडतर्फे पादेरेव्स्की यांनी सही केली, पण निषेध नोंदवूनच.

म्हणजे लक्षात घ्या, ज्या आकड्यांवरून दीड वर्ष वाद झाला, त्यांच्यावरून निकाल लागलाच नाही. निकाल लावला कोळशाने, रेल्वेने आणि वॉर्साच्या दिशेने येणाऱ्या लाल सेनेने.

मग ते 55 हजार?

एकच उत्तर नाही. सीमा ठरल्यावर अनेक पोलिश कार्यकर्ते आणि गॅलिशियातून आलेले मजूर पोलंडला गेले. चेक शिक्षक, रेल्वे कर्मचारी, अधिकारी नव्याने आले. आणि बरीच माणसं जागची हललीच नाहीत, त्यांचा फक्त रकाना बदलला. काहींवर दबाव होता; नोकरीच्या भीतीने मुलांना चेक शाळेत घालावं लागतं ही पोलिश संघटनांची सततची तक्रार होती. काहींना पोलिश रकाना कधीच आपला वाटला नव्हता. दोन बेरजा इतक्या जुळतात म्हणून ‘तीच माणसं’ असं मात्र म्हणता येत नाही. जाणारे-येणारे आणि बदलणारे, सगळे त्या एका आकड्यात मिसळलेत. ते वेगळे करायचे तर गावपातळीवर जावं लागेल : शाळांचे पट, चर्चच्या नोंदी, खाणींची हजेरीपत्रकं.

पुढचं थोडक्यात. 1925 मध्ये दोन्ही देशांनी अल्पसंख्याकांच्या हक्कांसह करार केला, पण 1934 नंतर संबंध पुन्हा बिघडले. म्युनिक करारानंतर लगेच, 30 सप्टेंबर 1938 ला, पोलंडने निर्वाणीचा इशारा दिला आणि 2 ऑक्टोबरला पोलिश सैन्य ओल्झापलीकडे गेलं. आता चेक शाळा बंद झाल्या, चेक कुटुंबांना निघावं लागलं. अकरा महिन्यांनी जर्मन सैन्य आलं. डिसेंबर 1939 च्या नाझी गणतीत सायलेशियन हा वेगळा रकाना होता, आणि पोलिशांचा आकडा 51,499 वर आला. राज्यकर्ता बदलला, प्रश्न बदलला, उत्तर बदललं.

सीमाप्रश्न हा शब्द आपल्याला नवा नाही, त्यामुळे ‘अमुक टक्के अमुक भाषिक’ हे वाक्य आपल्या लेखणीतून फार सहज उतरतं. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यातही ते होतं. आता मी असा आकडा घेताना त्याच ओळीत मूळ प्रश्नाचे शब्द लिहितो, उत्तरासाठी दिलेले पर्याय लिहितो आणि गणती कोणत्या सरकारने केली तेही लिहितो. वाक्य लांबतं, गाईड कुरकुर करतात, पण वाचणाऱ्याला निदान कळतं की त्या माणसाला नेमकं काय विचारलं होतं. तुमच्या प्रबंधात जनगणनेचा तक्ता येणार असेल, तर तक्ता उतरवण्याआधी त्या वर्षीची कोरी प्रश्नपत्रिका शोधून काढा.