दादांचा तह आणि कंपनीतली भांडणे

अटकेपर्यंत मराठी फौज नेणारे राघोबादादा १७७५ च्या आरंभी आसऱ्यासाठी सुरतेच्या इंग्रजांकडे पोचले. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी शनिवारवाड्यात दादांचे पुतणे नारायणराव पेशवे यांचा खून केला होता. पेशवेपद दादांकडे आले, पण नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाई त्यांच्याविरुद्ध एकवटले. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना मुलगा झाला, आणि दादांच्या हक्काचा आधारच गेला.

मुंबईकर इंग्रज या घरच्या भांडणाकडे साष्टी बेटावर नजर ठेवून पाहत होते. साष्टी म्हणजे गोव्याची नव्हे, ठाण्याची. पोर्तुगीज ती परत घेतील अशी हूल उठताच इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाणे बळकावले. दादांशी सुरतेचा तह झाला तो त्यानंतर, मार्च १७७५ मध्ये. अडीच हजार सैनिकांची कुमक, तिच्या खर्चाला महिना दीड लाख, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर, शिवाय साष्टी आणि वसई. न्याय्य वारसाला मदत करतो आहोत, असा मुंबईचा दावा होता. बेट आधी आणि वारस मागून, हा क्रम मात्र लपण्यासारखा नव्हता.

कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने हे युद्ध अन्याय्य आणि बेकायदा ठरवले. ब्रिटिश संसदेच्या १७७३ च्या कायद्याने युद्ध-तहाचा अधिकार त्यांच्याकडे गेला होता, आणि मुंबईचा तोटा बंगालच्या पैशातून भरला जाई. राग नुसत्या तत्त्वाचा नव्हता. कलकत्त्याच्या वतीने कर्नल अप्टनने १ मार्च १७७६ ला बारभाईंशी पुरंदरचा तह केला. सुरतेचा तह रद्द झाला, साष्टी तेवढी इंग्रजांकडेच राहिली. एवढ्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सुरतेच्या तहाला पसंती कळवली! पुढे सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्यात येऊन नानांशी बोलणी करू लागला, आणि युद्धवाद्यांना नवे निमित्त मिळाले.

नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज, दादांना घेऊन, हजारो बैलांसह मुंबईहून निघाली. हुकूम एका सेनापतीचा नव्हे, समितीचा! घाट चढल्यावर तर चाल दिवसाला मैलभरही पडेना. कार्ल्यापाशी ४ जानेवारीला कॅप्टन स्टुअर्ट पडला; मराठ्यांनी ज्याला कौतुकाने ‘इष्टूर फाकडा’ म्हटले तोच हा. ९ तारखेला तळेगाव गाठले तर मराठ्यांनी गावच जाळून ठेवलेले, दाणा-वैरणीचा पत्ता नाही. ११ च्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. तहात साष्टी परत द्यायचे ठरले. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले.

मुंबई आणि कलकत्ता, दोघांनीही हा तह झिडकारला. पूर्वी न पटलेले युद्ध आता बंगालच्या पलटणी लढू लागल्या. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. त्यात इंग्रजांनी गंगाबाईंच्या मुलाला, सवाई माधवरावांना, पेशवा मानले आणि दादांची बाजू सोडली. दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.