मातृभाषेचा रकाना

जनगणनेच्या अहवालातील आकडा वाचकाला मोजमापासारखा वाटतो. धान्य मोजावे, जमीन मोजावी, तशी माणसे मोजली आणि बेरीज छापली, असा सर्वसाधारण समज असतो. माणसांची संख्या एवढ्यापुरता तो समज बरोबर आहे. परंतु त्या माणसांची जात, धर्म किंवा भाषा यांची नोंद हे मोजमाप नव्हे. ते एका प्रश्नाचे उत्तर असते. घरातील कोणी एक ते उत्तर देतो, दुसरा कोणी ते लिहून घेतो, आणि दूरच्या कार्यालयात तिसरा कोणी ते एखाद्या शीर्षाखाली बसवतो. आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात असताना २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या कामाशी आमचा संबंध आला. या तीन हातांतून जाताना मूळ उत्तराचे काय काय होते, हे त्या वेळी जवळून पाहता आले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या समाजाला या प्रक्रियेचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

लोकांची जातवार मोजदाद इंग्रजांनी प्रथम आणली, हे म्हणणे खरे नाही. सतराव्या शतकात मारवाडचा दिवाण मुंहता नैणसी याने तेथील परगण्यांची जी माहिती संकलित केली, तीत घरांची संख्या जातवार दिलेली आहे. आपल्याकडे खानेसुमारी हा शब्दच मुळी पेशवाईच्या दप्तरांतला आहे. मात्र या जुन्या मोजणीचा हेतू करवसुली व गावगाड्याची व्यवस्था एवढाच होता. ती घरांची मोजणी होती, एकेका माणसाची नव्हती; आणि तिच्या बेरजा छापून कोणी प्रांताप्रांतांची तुलना करीत नव्हते. १८७२ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वेळी झालेली गणना आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी एकाच वेळी झालेली पहिली देशव्यापी गणना यांनी ही स्थिती पालटली. प्रत्येक माणसाला एकच जात, एकच धर्म, एकच भाषा, असा दंडक पडला.

जातीच्या रकान्याने काय घडवले, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल, कारण भाषेच्या रकान्याची कथा त्याच वाटेने जाते. १८९१ चे जनगणना आयुक्त बेन्स यांनी जातींची मांडणी मुख्यतः परंपरागत व्यवसायांवरून केली. १९०१ मध्ये रिस्ले यांनी ती बाजूला सारून सामाजिक श्रेष्ठ-कनिष्ठतेचा क्रम लावण्याचे ठरवले. एकदा सरकार उच्चनीचता छापणार असे दिसताच जातिसंस्थांनी अर्जांचा पाऊस पाडला. बंगालमध्ये १९११ च्या गणनेच्या वेळी अशा अर्जांचे वजनच दीड मण भरले, अशी नोंद तेथील अधीक्षक ओमॅली यांनी करून ठेवली आहे. सरकारने माणसांना रकाना दिला आणि माणसांनी त्या रकान्यासाठी आपली नावे बदलली.

१९३१ मध्ये हटन यांच्या कारकिर्दीत सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले. १९४१ मध्ये महायुद्धामुळे जातवार कोष्टके तयार झाली नाहीत, आणि १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती एवढ्यांचीच गणना होऊ लागली. म्हणूनच मंडल आयोगाला अर्धशतकापूर्वीच्या १९३१ च्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला. पुढे २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत लोकांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी लिहून घेण्यात आली. १९३१ मध्ये जातींची संख्या ४,१४७ होती. २०११ मध्ये जात, पोटजात, गोत्र, आडनाव धरून सुमारे ४६ लाख निरनिराळी नावे जमा झाली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. यादी आधी ठरवली तर यादी करणारा उत्तर ठरवतो. यादी न करता विचारले तर उत्तरांचा ढीग होतो आणि तो उपसणाऱ्याला अधिकार मिळतो. तिसरी वाट अद्याप कोणाला सापडलेली नाही.

आता भाषेकडे वळू. येथे पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे ती ही की, प्रश्नाची शब्दरचनाच पुनःपुन्हा बदलत गेली. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली गेली, १८९१ मध्ये आईबापांची भाषा, तर १९०१ ते १९२१ या काळात सामान्यतः वापरली जाणारी भाषा. १९३१ मध्ये मातृभाषा हा शब्द पुन्हा आला आणि त्याच्या जोडीला दुय्यम भाषेचाही प्रश्न आला. १९६१ पासून व्याख्या स्थिरावली: त्या व्यक्तीच्या बालपणी तिच्या आईने तिच्याशी जी भाषा बोलली ती मातृभाषा, आई लहानपणीच वारली असल्यास घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. होळकरांच्या इंदुरात स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाचा विचार करा. घरात मराठी, पेढीवर हिंदी, शेजारी मालवी. १८९१, १९०१ आणि १९६१ च्या प्रश्नांना त्याच घरातून तीन वेगळी उत्तरे येऊ शकली असती, आणि तिन्ही खरी असती. त्यामुळे दोन दूरच्या जनगणनांचे आकडे शेजारी मांडून 'मराठी वाढली' किंवा 'मराठी घटली' असे म्हणण्यापूर्वी त्या त्या वर्षी प्रश्न काय होता, हे पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट वर्गीकरणाची. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली मूळ नावे १९,५६९ होती. भाषाशास्त्रीय छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा मानण्यात आल्या. १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली. त्यांतून दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या २७० मातृभाषा निवडून त्या १२१ भाषांच्या शीर्षाखाली घालण्यात आल्या. वृत्तपत्रांतून आपण वाचतो ते आकडे या शेवटच्या पायरीवरचे असतात.

या शीर्षांच्या आत डोकावून पाहिले की अनेक नवल वाटण्याजोग्या गोष्टी दिसतात. २०११ मध्ये हिंदीभाषकांची संख्या ५२.८३ कोटी छापली गेली. पण 'हिंदी' हेच नाव ज्यांनी सांगितले ते सुमारे ३२ कोटी होते. उरलेल्यांत भोजपुरी बोलणारे ५ कोटींहून अधिक, राजस्थानी अडीच कोटींहून अधिक, छत्तीसगढी दीड कोटींहून अधिक आहेत. आमच्या भागातील मालवी सांगणारे ५२ लाख आणि निमाडी सांगणारे २३ लाख हेही हिंदीतच मोजले गेले. मराठीच्या बाबतीत मात्र निराळा न्याय दिसतो. अहिराणी ही मराठीत धरली जात नाही; डांगी, गुजरी यांच्यासह ती 'खानदेशी' या स्वतंत्र शीर्षाखाली येते आणि त्या शीर्षाखाली २०११ मध्ये साडेअठरा लाखांवर माणसे आहेत. मालवणी कोंकणीखाली येते. उलट तेलुगू-कन्नड मुलखात मराठ्यांना ज्या नावाने ओळखतात, त्या 'आरे' नावाने नोंदलेली बोली मराठीखाली धरली जाते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात, १९०५ मध्ये, कोंकणीला मराठीची बोली म्हणून स्थान दिले होते. १९९२ मध्ये कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मैथिली १९९१ पर्यंत हिंदीत मोजली जाई. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर प्रसिद्ध झालेल्या २००१ च्या कोष्टकांत ती स्वतंत्र झाली. बोलणारी माणसे तीच होती. शीर्ष बदलले आणि एका भाषेतून सव्वा कोटीच्या आसपास माणसे दुसरीकडे गेली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मग आकड्यांना अर्थच नाही. तसे म्हणता येत नाही, कारण राज्यकारभार याच आकड्यांवर चालतो. राज्य पुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे मान्य केली, त्यांत राज्य द्विभाषक मानण्यासाठी सुमारे ३० टक्क्यांचे प्रमाण होते. तर नगरपालिका वा तालुक्यासारख्या लहान क्षेत्रात १५ ते २० टक्के लोकसंख्या असल्यास शासकीय सूचना व नियम त्या भाषेतही काढावेत, असे होते. हे प्रमाण ठरवण्यास जनगणनेखेरीज दुसरे साधन नाही. शाळेचा निकष निराळा आहे: शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी मातृभाषेतून शिकू इच्छित असतील तर सोय करावी, असे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केले होते. तेथे जनगणना नव्हे, पालकांची मागणी मोजली जाते. आपल्या कार्यकर्त्यांकडून या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते.

सीमाप्रश्नात तर हे आकडे पुरावा म्हणूनच पुढे येतात. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यातच ठेवावे, निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत आणि २४७ गावे महाराष्ट्राकडून घ्यावीत, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही महाराष्ट्राची मांडणी आहे. खेड्यातील भाषिक बहुसंख्या म्हणजे अखेर प्रगणकाने एकेका घरात लिहिलेल्या शब्दांची बेरीजच होय.

आकड्याला असे मोल आले की तो वाकवण्याचा मोह होतो. पंजाबात १९५१ साली तसे घडले. हिंदी की पंजाबी, या वादात धर्मावरून भाषा सांगण्याच्या मोहिमा झाल्या. घरात पंजाबी बोलणाऱ्या असंख्य कुटुंबांनी हिंदी लिहवून घेतली. परिणामी तेथे हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे वेगळे न देता एकत्र छापावे लागले. तरीही १९६६ मध्ये पंजाब-हरियाणाची सीमा आखणाऱ्या शाह आयोगापुढे पुन्हा जनगणनेचेच, १९६१ चे, आकडे ठेवले गेले. भाषेचा रकाना हे मतपत्र मानले की तो रकाना निरुपयोगी होतो, आणि खरोखर त्या भाषेचा असलेला माणूसच अखेर पुराव्याला मुकतो, हा त्यातील धडा आहे.

अशा मोहिमांचा अनुभव असल्यामुळेच प्रगणकांना दिलेल्या सूचना फार काटेकोर आहेत. सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे. ती भाषा की बोली, असा वाद घालू नये. धर्मावरून भाषा तर्काने ठरवू नये. संघटित मोहिमेचा संशय आला तरी लिहिलेले न बदलता वरिष्ठांस कळवावे. शिवाय घरातील प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा स्वतंत्रपणे विचारावी, असेही त्यांत आहे. प्रत्यक्षात उन्हातान्हात दीडशे घरे उरकणारा शिक्षक कुटुंबप्रमुखाला एकदा विचारतो आणि तेच उत्तर खाली सर्वांना लावतो, हे आम्ही अनेक वेळा पाहिले. बहुधा विचारतोही हिंदीतून, आणि उत्तरही हिंदीतून मिळते. मग रकान्यात काय पडणार, हे सांगावयास नको. यात दुष्टावा नसतो. घाई असते आणि घरच्यांची उदासीनता असते.

२०११ मध्ये भाषा सांगितलेल्यांना तिचे आकडे पाहण्यासाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे होऊ शकली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेची संदर्भतिथी बहुतेक देशासाठी १ मार्च २०२७ ठरवली. ही गणना कागदाऐवजी मोबाइल उपकरणावर आणि कुटुंबाला स्वतः माहिती भरण्याची सोय देऊन करण्याचे, तसेच तीत सर्व जातींची नोंद घेण्याचे ठरले. तेव्हा यादी कोणी करावी, हा १९०१ पासूनचा प्रश्न पुन्हा समोर आला आहे.

आपल्या मंडळांपुरते आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. जनगणनेत 'मराठी माणूस' असा रकाना कधीच नव्हता. आडनाव, कुलदैवत, गणेशोत्सव किंवा मंडळाचे सभासदत्व यांपैकी काहीही तेथे मोजले जात नाही. आईने मुलाशी कोणती भाषा बोलली, एवढेच मोजले जाते. ज्या घरात आजीची मातृभाषा मराठी, सुनेची मालवी आणि नातवाशी त्याची आई हिंदी बोलते, तेथे तीन ओळींत तीन भाषा लिहिणे हेच खरे उत्तर होय. नातवाच्या ओळीत केवळ अभिमानापोटी मराठी लिहवून घेणे हे पंजाबच्या वाटेने जाणे झाले. पण आजीच्या ओळीतही हिंदी पडत असेल, तर तो तिच्यावर अन्याय आहे, आणि तो आपण गप्प बसल्यामुळे घडतो. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या संख्येतील घट किती खरी आणि किती अशा गप्प बसण्याची, हे सांगण्याचे साधन आज कोणाहीपाशी नाही. प्रगणक दारात आला असता घरातील प्रत्येकाची भाषा स्वतंत्रपणे सांगावी, काय लिहिले ते वाचून दाखवण्यास सांगावे. इतर ज्ञात भाषांसाठी दोन जागा असतात. नातवाला मराठी येत असेल तर ती तेथे अवश्य नोंदवावी. आणि येत नसेल, तर त्याची विचारपूस जनगणनेच्या कार्यालयात न करता आपल्याच घरात करावी.