ठाणे-कल्याण नेमकं कोणत्या भागात येतं? देशाचे नैसर्गिक विभाग कसे पाडतात?

कल्याणला मध्य रेल्वेचा मार्ग फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. रेल्वे कल्याणला १८५४ साली पोहोचली, पण पुढे सह्याद्रीची भिंत उभी होती. ती चढायला दोन वाटा निवडल्या गेल्या. बोरघाटातून गाडी १८६३ साली सुरू झाली आणि थळ घाटातून १८६५ साली. थोडक्यात, हा फाटा कुठे फुटणार हे जमिनीच्या उंचसखलपणानं ठरवलं. देशाचे नैसर्गिक विभागही असेच जमिनीकडे बघून पाडले जातात.

नैसर्गिक विभाग म्हणजे काय?

जिल्हा, तालुका, महापालिका या माणसांनी आखलेल्या सीमा आहेत. त्या एका आदेशानं बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, पण डोंगर आणि नद्या होत्या तिथेच राहिल्या. नैसर्गिक विभाग ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतात:

१. जमीन किती उंच आहे आणि तिचा उतार कसा आहे?
२. खाली कोणता खडक आहे आणि तो कसा तयार झाला?
३. पावसाचं पाणी कुठे वाहून जातं?

याच आधारावर भारताचे हिमालय, उत्तरेची मैदानं, वाळवंट, द्वीपकल्पीय पठार, किनारपट्टी आणि बेटं असे मोठे विभाग आपण शाळेत शिकतो. महाराष्ट्राचे तीन मुख्य विभाग आहेत: कोकण, सह्याद्री आणि दख्खनचं पठार. दोन विभागांमधली सीमा मात्र बहुतेक वेळा रेघेसारखी नसते. तो काही किलोमीटर रुंदीचा पट्टा असतो.

एका जिल्ह्यात किती प्रकारची जमीन?

सरकारी नोंदीत ठाणे जिल्हा कोकण विभागात येतो. प्रत्यक्षात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालात तर जमीन अनेकदा बदलते. ठाणे शहराचा मुख्य भाग साष्टी बेटाच्या पूर्व कडेवर आहे. त्याच्या एका बाजूला येऊरचे डोंगर आहेत, दुसऱ्या बाजूला खाडी. खाडी ओलांडली की पारसिकची टेकडी लागते. सुरुवातीला रेल्वे तिला मुंब्र्यावरून वळसा घालून जायची. पुढे १९१६ साली सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला. त्यानंतर डोंबिवली-कल्याणचा उल्हास नदी आणि खाडीकाठचा सखल भाग येतो. मुरबाड-शहापूरकडे जमीन चढत जाते आणि शेवटी सह्याद्रीचा कडा लागतो. कसारा ते इगतपुरी या सुमारे १६ किलोमीटरांत रेल्वे जवळपास ३०० मीटर चढते.

घाटमाथ्यावर पाण्याची दिशाही बदलते. उल्हास अरबी समुद्राला मिळते. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी मात्र अरबी समुद्र जवळ असूनही पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते.

खडक एकच, मग विभाग वेगळे का?

या सगळ्या भागाखाली मुख्यतः एकच खडक आहे, तो म्हणजे काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हारस बाहेर पडला आणि त्याचे थरावर थर साचले. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर याच दगडात बांधलेलं आहे.

फरक पडला तो पुढच्या हालचालींमुळे आणि झिजेमुळे. सह्याद्रीत हे थर जवळजवळ आडवे दिसतात, तर मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे कललेले आहेत. सह्याद्री ही खरं तर पठाराची तुटलेली कडा आहे. म्हणूनच तो कोकणातून भिंतीसारखा दिसतो, तर देशावरून बघितलं की साध्या टेकड्यांसारखा.

उलट, ‘कोकण’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जमिनी येतात. ठाण्याकडे काळा पाषाण, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यांवरचा लाल जांभा. नाव एक असलं तरी माती, शेती आणि विहिरी वेगळ्या.

हे कळून आपल्याला काय फायदा?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली यांचा कारभार वेगवेगळ्या पालिका बघतात, पण नदीचं खोरं एकच आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. कर्जतच्या डोंगरउतारावर पडलेला पाऊस खाली कल्याणपर्यंत येतो. त्याच वेळी भरती असेल तर खाडीत पाण्याचा निचरा रेंगाळतो. हे सगळं एका पालिकेच्या नकाशात दिसत नाही.

शहापूरचं उदाहरणही असंच आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत. तरीही उन्हाळ्यात इथल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. पाणीवाटपाचा आणि नळयोजनांचा प्रश्न त्यात आहेच. पण तीव्र उतारावरून पाऊस झटकन वाहून जातो आणि भेगा कमी असलेल्या कातळात पाणी फार मुरत नाही, हेही कारण आहे. सपाट गाळाच्या मैदानात चालणारा उपाय इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

इंग्लंडमध्ये याच विचारानं देशाची १५९ क्षेत्रं पाडली आहेत. त्यांच्या सीमा जिल्ह्यांच्या हद्दींप्रमाणे नाहीत, तर भूरचना, खडक आणि निसर्ग पाहून आखलेल्या आहेत.

तुमचं घर कोणत्या नैसर्गिक विभागात येतं, हे शोधायला वरचेच तीन प्रश्न विचारा. तिसऱ्यापासून सुरुवात करा: सोसायटीच्या गेटवरून वाहणारं पावसाचं पाणी कोणत्या नाल्यातून, कोणत्या खाडीला जातं? घर घेताना कागदपत्रं बघतो, तसं हेही बघून ठेवलेलं बरं.