घरगुती उपचार, किशोरवयीन रुग्ण आणि ब्रिटनमधील अपंगत्व भत्ता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

रुग्णालयातील उपचार घरोघरी पोहोचले, ही आधुनिक वैद्यकशास्त्राची मोठी उपलब्धी मानली जाते. मात्र ते उपचार घरात कोणाच्या श्रमावर चालले, याची नोंद सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांत शोधावी लागते. किशोरवयीन रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. उपचार नियमित झाले की मूल इतरांसारखेच दिसू लागते आणि त्यामागील मदत दृष्टीआड होते. या मदतीला ब्रिटनमध्ये कायद्याची मान्यता कशी मिळत गेली, याचा येथे विचार केला आहे.

उपचारांचे स्थलांतर

१९६४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे, डायलिसिस केंद्रात प्रवेश न मिळालेल्या एका शाळकरी मुलीसाठी बेल्डिंग स्क्रिब्नर व लेस बॅब यांच्या गटाने घरी चालणारे यंत्र तयार केले. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात स्टॅन्ली शाल्डन यांनी घरगुती डायलिसिसचा प्रयोग सुरू केला. १९७० च्या दशकात हिमोफिलियाच्या रुग्णांना घरीच इंजेक्शने दिली जाऊ लागली. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांच्या छातीचे व्यायाम तर आईवडीलच करून घेत. परिचारिकेचे काम अशा रीतीने कुटुंबाकडे आले. वेतन मात्र आले नाही.

भत्त्याचा उदय

१९६५ मध्ये मेगन द्यू बुआसों व बेरिट मूर यांनी 'डिसेबलमेंट इन्कम ग्रुप' ही संघटना स्थापन केली आणि अपंगांच्या उत्पन्नाचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १९७१ मध्ये 'अटेंडन्स अलाउन्स' सुरू झाला. शारीरिक क्रियांसाठी वारंवार लागणारे साहाय्य किंवा धोका टाळण्यासाठी लागणारी सततची देखरेख, हे त्याचे निकष होते. याचा अर्थ असा की, रोगाचे नाव नव्हे, तर मदतीची गरज सिद्ध करावी लागे. १९७६ मध्ये शुश्रूषा करणाऱ्यासाठीही 'इन्व्हॅलिड केअर अलाउन्स' आला. परंतु विवाहित स्त्रियांना त्यातून वगळण्यात आले. आजारी मुलाची शुश्रूषा बहुधा आईच करीत असल्याने या अटीचा भार तिच्यावरच पडला. १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ड्रेक खटल्यात हा भेदभाव अवैध ठरविला.

वयाचा निकष

१९९२ मध्ये 'डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स' अस्तित्वात आला. त्याच्या नियमांत आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा डायलिसिस घेणाऱ्या आणि त्या वेळी दुसऱ्याची उपस्थिती लागणाऱ्या रुग्णांसाठी स्वतंत्र तरतूद होती. सोळा वर्षांखालील मुलांना मात्र आणखी एक अट होती: त्यांची गरज समवयस्क निरोगी मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त हवी, किंवा त्या वयाच्या निरोगी मुलाला नसणारी, पण लहान मुलाला असू शकणारी मोठी गरज त्यांना हवी. ही अट वरकरणी जाचक भासते. वस्तुतः किशोरवयीन मुलाच्या दृष्टीने ती उपकारकच होती. चार वर्षांच्या मुलाला कोणीही औषध पाजतो. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ रोज बसून उपचार करून घ्यावे लागणे, हीच गोष्ट गरजेचा पुरावा ठरते.

सोळाव्या वर्षी ही तुलना संपते. २०१३ पासून लागू झालेल्या 'पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट'मध्ये घरगुती उपचारांसाठी लागणारी मदत तासांत मोजली जाते. आठवड्याला साडेतीन तासांपर्यंत २ गुण, सात तासांपर्यंत ४, चौदा तासांपर्यंत ६ आणि त्याहून अधिक असल्यास ८ गुण मिळतात. दैनंदिन जीवनाच्या भत्त्यासाठी एकूण किमान ८ गुण लागतात. केवळ प्रवृत्त करणे हीसुद्धा मदत मानली जाते, ही या नियमांची जमेची बाजू होय. तथापि, रोज दोन तास मदत घेणाऱ्या मुलाचे आठवड्याचे चौदाच तास भरतात. म्हणून या एका निकषावर त्याला ६ गुणच मिळतात. आजार तोच आणि मदतही तीच असली, तरी वाढदिवसानंतर हक्काची मोजपट्टी बदलते. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून सुरू झालेल्या 'चाइल्ड डिसेबिलिटी पेमेंट'मुळे, सोळाव्या वर्षापूर्वी मंजुरी मिळालेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत जुन्याच चौकटीत राहता येते.

समारोप

या इतिहासावरून असे दिसते की, उपचार यशस्वी होणे हेच अनेकदा अर्जदाराच्या विरुद्ध जाते. मूल शाळेत जाते, खेळते, म्हणून त्याला मदत लागत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. मदत मिळते म्हणूनच ते शाळेत जाऊ शकते. कुटुंबाचे हे श्रम हिशेबात धरणे हा दानधर्म नव्हे, तर रुग्णालयाने घराकडे सोपविलेल्या कामाची ती रास्त दखल आहे.