सर धनजीशा कूपर : किताब, कारखाना आणि सातारा

इंग्रजी अमदानीत ‘सर’ हा किताब मिळालेल्या भारतीयांत संस्थानिक, न्यायाधीश, वकील आणि सरकारी अधिकारी यांचा भरणा अधिक होता. यंत्रे घडवून नाव मिळविलेल्या मोजक्या किताबधारकांत साताऱ्याचे सर धनजीशा बोमनजी कूपर (1878-1947) यांची गणना करावी लागते. मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान म्हणूनही इतिहासात त्यांची नोंद आहे. तरीही आज महाराष्ट्राला त्यांचे स्मरण क्वचितच होते. याचे कारण काही अंशी या किताबाच्या स्वरूपातच दडलेले आहे.

ब्रिटिश राजसत्तेने भारतीयांना दिलेल्या किताबांच्या अनेक पायऱ्या होत्या. ‘रावबहादूर’, ‘खानबहादूर’ हे किताब व्हाइसरॉयच्या अखत्यारीतले. ‘नाइट’ झालेल्या व्यक्तीच्या नावामागे ‘सर’ लागे, पण तो मान त्या व्यक्तीबरोबरच संपे. ‘बॅरोनेट’ हा किताब मात्र वंशपरंपरागत होता. मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई यांना तो 1857 मध्ये मिळाला आणि गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांना 1890 मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या हयातीतच. जमशेटजींच्या किताबाच्या प्रत्येक वारसाने मूळ पुरुषाचेच नाव धारण करावे, अशी कायद्याने तरतूद झाली होती. बॅरोनेटला उमरावसभेत जागा मात्र नसे. तेथे बसण्याचा वंशपरंपरागत मान सत्येंद्र प्रसन्न सिन्हा या एकाच भारतीयाला 1919 मध्ये लाभला.

कूपर यांचा किताब नाइटहूडचा. पारशी समाजातील या उद्योजकाने आपले कार्यक्षेत्र मुंबईत न शोधता साताऱ्यात शोधले. 1922 मध्ये त्यांचा अभियांत्रिकी कारखाना उभा राहिला. सातारा रोड स्थानकालगतच्या या कारखान्यात लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि पुढे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. लाकडी नांगरावर विसंबलेल्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे नवे अवजार त्याच्याच जिल्ह्यात मिळू लागले, हे या कारखान्याचे महत्त्व.

याच रेल्वेमार्गावर दक्षिणेस दुसरा प्रयोग आधीच सुरू झाला होता. बेळगावातून बाहेर पडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ निवडुंगाने व्यापलेला 32 एकरांचा माळ आणि कर्ज दिले. 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखले जाणारे स्थानकही पुढे याच नावाने ओळखले जाऊ लागले. हा भाग आज सांगली जिल्ह्यात येतो. 1949 मध्ये साताऱ्यापासून अलग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. किर्लोस्करांनी उभारलेल्या वसाहतीला त्यांचे नाव मिळाले, कूपर यांच्या नावाला ‘सर’ जोडले गेले.

हा किताब कूपर यांना राजकारणात मोलाचा ठरला आणि महागही पडला. 1937 च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या 175 पैकी 86 जागा काँग्रेसने जिंकल्या. परंतु गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याखेरीज अधिकारग्रहण करावयाचे नाही, अशी काँग्रेसची भूमिका होती. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांनी कूपर यांना पाचारण केले. 1 एप्रिल 1937 रोजी त्यांचे मंत्रिमंडळ सत्तारूढ झाले. जमनादास मेहता यांच्यासारखा नामवंत नेता त्यात असूनही बहुमताचा आधार नसलेले हे सरकार तात्पुरतेच ठरणार होते. काँग्रेसने अधिकारग्रहणाचा निर्णय घेताच जुलैमध्ये ते पायउतार झाले आणि बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले.

असहकाराच्या चळवळीने 1920 पासूनच सरकारी किताबांचा त्याग हे देशभक्तीचे लक्षण ठरविले होते. त्याआधी वर्षभर, जालियनवाला बागेच्या निषेधार्थ, रवींद्रनाथ टागोरांनी आपले ‘सर’पद नाकारले होते. ज्या साताऱ्यात 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले आणि कुंडल हे ज्याचे प्रमुख केंद्र बनले, त्या जिल्ह्याच्या लोकस्मृतीत गव्हर्नरच्या निमंत्रणावरून पंतप्रधान झालेल्या किताबधारकाला मानाचे स्थान मिळणे कठीणच होते. त्यांचा कारखानाही पुढे वालचंद उद्योगसमूहाकडे गेला.

कूपर यांचे निधन 1947 मध्ये झाले. 1950 मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 18 व्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक बहुमान वगळता सर्व किताब रद्द केले आणि भारतीय नागरिकाने परकीय राष्ट्राकडून किताब स्वीकारण्यास मनाई केली. किताबाची व्यवस्थाच अशा रीतीने इतिहासजमा झाली. कूपर यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना मात्र किताब आणि कारखाना यांची गल्लत करणे न्याय्य ठरणार नाही. साडेतीन महिन्यांच्या मंत्रिमंडळाने प्रांताच्या राजकारणाला फारसे वळण दिले नाही. मुंबईपासून दूर, शेतकऱ्याच्या गरजेची यंत्रे त्याच्या दाराशी घडविण्याचा पायंडा मात्र किर्लोस्करांप्रमाणे कूपर यांनीही घातला आणि त्यांचे नाव साताऱ्याच्या उद्योगक्षेत्रात आजही टिकून आहे.